बाळंतिणीच्या घरी कोण जातं?

आज हप्ता, व्याज, बँकेचं कर्ज यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचं ते बाळंतिणीच्या घरी तपासायला येणाऱ्या बाईबद्दल. ती आता सहज दारात येते. पण तिला आपल्या दारापर्यंत यायला किती वर्षं लागली, ते आम्हालाही अलीकडेच वाचून कळलं.

आपल्या आज्यांना विचारा. अंधारी खोली, दार लोटलेलं. सुईण नाळ कापायची, पाचवीला सटवाई पुजायची, आणि बाळ गेलं तर सटवाईनं लिहिलंच होतं तेवढं, असं म्हणून विषय मिटायचा. बाळंतीण सव्वा महिना बाहेर पडायची नाही, दवाखाना तालुक्याला. मग आजारी बाळ तिथवर पोचणार कसं? घरातच जायचं, आणि त्याची नोंदही कुठे व्हायची नाही.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावोगाव पाठवायचं बघितलं. ते जमलं नाही. परक्या गावात एकटीनं राहणं त्यांना जड जायचं आणि गावही त्यांचं ऐकेना. मग त्यांनी गावालाच सांगितलं, तुमच्यातलीच एक बाई निवडा. निवडलेल्यांत कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती, पुष्कळ जणी दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला जमायच्या, शिकायच्या, एकत्र जेवायच्या. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांच्याच हातात गावानं पुढं आपली बाळं दिली. औषधाच्या आधी ही गोष्ट घडली, आणि आम्हाला तीच मोठी वाटते.

पुढचं पाऊल गडचिरोलीत पडलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथं 'सर्च' ही संस्था काढली. नवजात बाळं कशानं जातात ते त्यांनी घरोघर जाऊन पाहिलं. जंतुसंसर्ग, कमी वजन, श्वास कोंडणं, अंग गार पडणं. मग ३९ गावांत एकेक 'आरोग्यदूत' तयार केली. गावातलीच, थोडंफार शिकलेली बाई. तिच्या पिशवीत वजनकाटा, तापमापक, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन. शाळा अर्धवट सोडलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार? शंका घेणारे पुष्कळ होते. आम्हीही घेतली असती, खोटं कशाला बोला! पण तिसऱ्या वर्षी हिशेब आला. शेजारच्या ज्या गावांत आरोग्यदूत नव्हत्या, तिथं हजारी सुमारे ६० बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. आरोग्यदूत असलेल्या गावांत तो आकडा सुमारे २५ वर आला. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मोठ्या साप्ताहिकात छापून आलं.

२००५ पासून आशाताई आल्या. २०११ पासून घरभेटींचा नियम देशभर झाला. बाळ जन्मल्यावर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. आपला सव्वा महिना आणि सरकारचा बेचाळीसावा दिवस जवळजवळ एकच, बघा. २०१८ पासून ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याच्या भेटी वाढल्या.

आता आमच्या गटातलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी, थंडीत, आमच्या एका सभासदाचं बाळ नवव्या दिवशी गेलं. दोन दिवस ते नीट ओढत नव्हतं, रडणं बारीक झालं होतं, पाय गार. घरच्यांना वाटलं, झोपाळू आहे. सातव्या दिवशी कोणी आलंच नव्हतं. कागदावर मात्र सगळ्या भेटी होत्या, कारण सह्या तिसऱ्याच दिवशी एकदम घेतल्या होत्या. त्या ताईला दुसऱ्या सर्व्हेचं काम लागलं होतं. आणि त्या वेळी तिथं बसलेल्या आमच्यापैकीच दोघी बाळंतिणीला म्हणाल्या होत्या, "कर गं सही, बिचारीला परत हेलपाटा नको." हे आम्ही विसरलो नाही.

त्या ताईची तक्रार करावी का, यावर बैठकीत खूप वाद झाला. सहा भेटींचे मिळून तिला अडीचशे रुपये मिळतात आणि कामं ढीगभर. शेवटी आम्ही तिलाच बैठकीला बोलावलं. ती रडली, आम्हीही रडलो. मग ठरलं की, बाळंतिणीच्या घरातल्या कॅलेंडरवर सहा तारखांना गोल करायचे आणि भेट झाली की त्याच दिवशी सही करायची. ताई येऊ शकली नाही तर गटातली एकजण जाऊन बघणार. बाळ ओढतंय का, अंग गार किंवा गरम आहे का, छाती आत ओढली जातेय का, शांत असताना मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास होतात का. आम्ही औषध देत नाही. यातलं काहीही दिसलं की ताईला फोन, आणि १०८ ची गाडी.

सध्या गटात दोन बाळंतिणी आहेत. एकीचा चौदावा दिवस येत्या गुरुवारी. ताई त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला आहे, म्हणून आमच्यातल्या दोघी जाणार आहेत. घड्याळ कोणी घ्यायचं तेही ठरलंय.