वर गेलेल्या कॅमेऱ्याला हात पोचत नाही

विहिरीवरची मोटर जळली की आपण मिस्त्रीला बोलावतो. पण जमिनीपासून पाचशे किलोमीटर वर फिरणारा कॅमेरा बंद पडला तर? तिथे कोणाला पाठवणार? आज आपण त्या कॅमेऱ्यांची गोष्ट ऐकू. आपल्या बार्शीटाकळीच्या पाण्याशीही तिचा संबंध आहे.

7 जून 1979 रोजी आपला भास्कर-1 हा उपग्रह सोव्हिएत रशियाच्या रॉकेटवरून वर गेला. जंगल, पाणी, बर्फ पाहायला त्यावर दोन टीव्ही कॅमेरे होते. पण वर गेल्यावर ते सुरूच करता येईनात. कॅमेऱ्याच्या आत थोडी हवा अडकली आहे, असं निदान झालं. भरपूर हवेत ठिणगी सहज उडत नाही, हवा अजिबात नसेल तरी उडत नाही. पण विरळ हवेत जास्त दाबाची वीज सोडली की ठिणगी उडून यंत्र जळू शकतं. म्हणून वाट पाहिली. हवा हळूहळू निघून गेली आणि 1980 साली, म्हणजे जवळपास वर्षभराने, एक कॅमेरा सुरू झाला. घाई केली असती तर तोही हातचा गेला असता.

20 नोव्हेंबर 1981 ला भास्कर-2 गेला. त्याचाही एक कॅमेरा बिघडला, पण दुसऱ्याने दोन हजारांहून अधिक चित्रं पाठवली. एकावर विसंबायचं नाही, हे आपण घरातही पाळतो. बियाणं आपण एकाच मडक्यात ठेवत नाही.

त्या काळात, 1981 ते 1985, अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस होते. पुढचे कॅमेरे याच केंद्राने घडवले. 17 मार्च 1988 ला गेलेल्या आयआरएस-1ए उपग्रहावर असे तीन कॅमेरे होते. अमेरिकेच्या तेव्हाच्या उपग्रहांवर आरसा सतत इकडून तिकडे हलायचा. हलणारा भाग झिजतो. आपल्या कॅमेऱ्यात तसा आरसाच नव्हता. प्रकाश टिपणाऱ्या बारीक ठिपक्यांची एक ओळ होती आणि उपग्रह पुढे सरकेल तसतशी ती जमीन टिपत जायची. आपण खराट्याने अंगण झाडतो ना, पट्ट्यामागून पट्टा, अगदी तसंच. तीन वर्षं चालेल या हिशेबाने बनवलेला तो उपग्रह आठ वर्षं चालला.

त्याच 1988 साली नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झालं. उपग्रहाच्या चित्रांवरून तिथे जमिनीचे, पाण्याचे, पिकांचे नकाशे बनतात. कॅमेऱ्याला जमिनीखालचं पाणी दिसत नाही. त्याला खडकातल्या भेगांच्या रेषा, उतार, उन्हाळ्यातही हिरवी राहिलेली झाडी दिसते. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतूनच मुरतं. त्या खुणांवरून विहिरीची जागा शोधता येते, मग जाणकाराने जागेवर येऊन तपासायची.

महानला काटेपूर्णेचं धरण आपल्याच तालुक्यात आहे, तरी उन्हाळ्यात हंडा कोणाच्या डोक्यावर असतो, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ग्रामसभेत विहिरीची जागा ठरताना आपण एवढंच विचारू : भूजलाचा नकाशा पाहिला का? त्या नकाशामागे कित्येकांची चिकाटी आहे. तो कपाटात पडून राहू नये.