तारली : मेदाचे रासायनिक संघटन

तारली : (गोव्यात तारलो). क्लुपिफॉर्मिस गणातील सागरी मासा. शास्त्रीय नाव सार्डिनेला लाँगिसेप्स. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः केरळ, कर्नाटक, गोवा आणि दक्षिण कोकण येथे याचे मोठे थवे आढळतात. पकडीतील माशांची लांबी बहुधा 15 ते 20 सेंमी. असते. मुशीसारख्या माशांत मेद यकृतात साठतो; तारलीत तो स्नायूंत, कातडीखाली आणि आतड्यांभोवती पसरलेला असतो. मासा आडवा कापला की कुशीलगत कातडीखाली गडद तांबूस मांसाचा पट्टा दिसतो. पांढऱ्या मांसापेक्षा या पट्ट्यात मेद बराच जास्त असतो.

हंगामी चढउतार : तारलीतील मेद वर्षभर सारखा नसतो. अंडी घालण्याचा मुख्य काळ पावसाळ्याचा असून त्यात साठवलेला मेद खर्ची पडतो. याच सुमारास समुद्राच्या खालच्या थरांतील पोषक द्रव्ये वर येतात आणि करंडक वनस्पतींची (डायाटमांची) भरघोस वाढ होते. त्यांवर पोसलेला मासा पावसाळा सरल्यावर पुष्ट होतो. त्यामुळे मांसातील मेद सु. 3 टक्क्यांपासून 15 टक्क्यांच्याही वर जातो. मेद वाढतो तसे पाणी कमी होते. दोहोंची बेरीज साधारणपणे 80 टक्क्यांच्या आसपास राहते.

घटक : साठ्यातील मेद मुख्यतः ट्रायग्लिसराइडांचा, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला वसाम्लांचे तीन रेणू जोडून झालेल्या संयुगांचा असतो. पेशीपटलांत फॉस्फोलिपिडे व कोलेस्टेरॉल असतात. मासा रोडावला तरी पटलांतील हा भाग फारसा घटत नाही; घटतो तो साठा. म्हणून मेद कमी असलेल्या तारलीत फॉस्फोलिपिडांचे सापेक्ष प्रमाण वाढलेले दिसते.

वसाम्ले : एकूण वसाम्लांपैकी सु. एकतृतीयांश संतृप्त असतात. त्यांत पामिटिक अम्ल सर्वाधिक असून त्याखालोखाल मिरिस्टिक अम्ल येते. एक द्विबंध असलेल्या अम्लांत पामिटोलेइक व ओलेइक ही प्रमुख होत. तारलीची खरी ओळख मात्र ओमेगा-3 गटातील दोन अम्लांत आहे : आयकोसापेंटाएनॉइक अम्ल (ईपीए, 20 कार्बन, 5 द्विबंध) आणि डोकोसाहेक्झाएनॉइक अम्ल (डीएचए, 22 कार्बन, 6 द्विबंध). तारलीच्या तेलात सहसा ईपीए अधिक असते, कारण करंडक वनस्पती ते मुबलक प्रमाणात तयार करतात. मासा ही अम्ले स्वतः फारशी बनवत नाही. ती त्याला अन्नातून मिळतात.

गुणधर्म : पामिटिक अम्ल सु. 63° से. ला वितळते, तर ईपीए सु. −54° से. ला. द्विबंधांपाशी साखळी वाकत असल्याने रेणू एकमेकांना घट्ट लागून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहते. असंतृप्ततेचे माप असलेले आयोडीन मूल्य खोबरेल तेलाचे 7 ते 10, शेंगदाणा तेलाचे सु. 85 ते 100, तर तारलीच्या तेलाचे साधारणपणे 140 च्या वर असते. तेल थंड केल्यास संतृप्त अम्ले अधिक असलेला भाग गोठून तळाशी बसतो आणि तो गाळून वेगळा करता येतो.

खवटपणा : दोन द्विबंधांमधील कार्बनावरचा हायड्रोजन सहज निघतो. तेथे ऑक्सिजन जोडला जाऊन आधी पेरॉक्साइडे व पुढे उग्र वासाची आल्डिहाइडे बनतात. गडद मांसातील लोहयुक्त हीम ही क्रिया वाढवते. बर्फात किंवा शीतगृहातही ती पूर्ण थांबत नाही. शिवाय लायपेज एंझाइमांमुळे वसाम्ले मोकळी होत राहतात. खारवून वाळवलेली तारली पिवळट पडते, त्यामागेही हेच ऑक्सिडीभवन आहे.

मापन : मेद वेगळा काढण्यासाठी क्लोरोफॉर्म व मिथेनॉल यांचे मिश्रण वापरतात. ब्लाय आणि डायर यांनी 1959 मध्ये मांडलेली ही पद्धत मुळात माशांच्या मांसासाठीच विकसित झाली होती. काढलेल्या वसाम्लांची मिथिल एस्टरे करून ती गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजतात.

उपयोग : शिजवलेली तारली दाबून काढलेले तेल किनाऱ्यावर लाकडी होड्यांना लावण्याची जुनी प्रथा आहे. साबण व कातडी कमावण्याच्या उद्योगांतही ते वापरले जाते. आहाराच्या दृष्टीने ही ओमेगा-3 चा स्वस्त आणि उत्तम स्रोत आहे. मात्र तो लाभ ताज्या माशातच पुरता मिळतो. मेदाच्या टक्केवारीसोबत मासा कोणत्या महिन्यात पकडला हे दिलेले नसेल, तर तो आकडा अपुरा समजावा.