गोषा, ऊन आणि गर्भिणीचीं हाडें

वऱ्हाडांतील जुन्या देशमुखी वाड्यांत गोषा ही प्रतिष्ठेची खूण मानली जात असे, आणि बुलढाणा जिल्हा त्या वऱ्हाडाचाच भाग. जिच्या घरीं गोषा तिचें घराणें थोर. उन्हांत राबणारी कुणबीण बिचारी हलकी. वैद्यकाच्या इतिहासांत पाहूं जातां हा थोरपणा स्त्रियांस फार महाग पडलेला दिसतो.

ह्याचा बोलका पुरावा मिळाला तो वऱ्हाडाबाहेर, नाशिकास. हचिसन व शहा ह्या दोघांनीं तेथील मुलांचा मुडदूस व मोठ्या स्त्रियांचें अस्थिमार्दव ह्यांविषयीं १९२२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. मुडदूस हा दारिद्र्याचा रोग, अशी सामान्य समजूत. नाशिकास नेमकें उलट आढळलें. गोषा पाळणाऱ्या सुखवस्तु हिंदु-मुसलमान कुटुंबांत, अन्न बरें असूनही, रोग होता. निकृष्ट अन्नावर परंतु उघड्यावर वाढणारीं गरिबांचीं मुलें त्यांतून सुटलीं होतीं.

ह्याचें कारण युरोप-अमेरिकेंत तेव्हांच उलगडत होतें. बर्लिन येथें हुल्डशिन्स्की ह्यानें १९१९ सालीं अतिनील किरणांनीं मुडदूस बरा करून दाखविला, व १९२२ मध्यें मॅक्कॉलम ह्यानें कॉड माशाच्या तेलांतील तें निराळें जीवनसत्त्व ओळखलें, ज्यास आपण 'ड' म्हणतों. ऊन लागलें म्हणजे तें कातडींत तयार होतें. त्यावांचून अन्नांतलें कॅल्शियम रक्तांत पुरेसें उतरत नाहीं.

गरोदरपणीं ही उणीव उघडी पडते. जन्मतांना मुलाच्या अंगीं सुमारें ३० ग्रॅम कॅल्शियम असतें, आणि त्यांतील बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून गेलेलें असतें. शिल्लक नसेल तर तिच्या हाडांतून जातें. काळोख्या माजघरांत एकामागून एक बाळंतपणें होत, हाडें मऊ पडत, कटीर आंत दबे आणि प्रसूति अडे. कॅथलीन व्हॉन ह्या डॉक्टरणीनें काश्मीरांतील अनुभवावरून १९२८ सालीं पडदा व मातृत्व ह्यांवर पुस्तक लिहिलें, तें ह्याच दुःखाचें.

मग कुणबीण सुखी होती काय? तिच्याकडे ऊन होतें. पण ताटांत ज्वारीची भाकर. शंभर ग्रॅम ज्वारींत कॅल्शियम तीस मिलिग्रॅमही भरत नाहीं. तितक्याच नाचणींत तें तीनशेंहून अधिक. परंतु नाचणी कोंकणची, वऱ्हाडची नव्हे. गर्भिणीस दिवसाला सुमारें हजार मिलिग्रॅम हवें. म्हणजे एकीपाशीं दूध होतें तर ऊन नव्हतें, दुसरीपाशीं ऊन होतें तर दूध नव्हतें.

हें चित्र आम्हांस आवडतें, तथापि तें पुरतें खरें नाहीं. २००५ सालीं लखनौच्या २०७ गरोदर स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांत शहरच्या तशा खेड्यांतल्याही होत्या, आणि शेंकडा ८४ जणींत 'ड' कमी निघालें. सावळ्या कातडीस ऊन अधिक वेळ लागतें, आणि अंगभर कपड्यांतून तें फारसें शिरत नाहीं. शेतावर जाणें म्हणजे ऊन मिळणें, असें नव्हे.

२०१४ सालीं भारत सरकारनें जीं मार्गदर्शक तत्त्वें ठरविलीं, त्यांत दोन्ही उणिवा एकाच गोळींत बांधल्या आहेत: कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम व 'ड' २५० एकक. चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या, जेवणाबरोबर. लोहाची गोळी मात्र तिच्यासंगें घ्यावयाची नाहीं, दोन तासांचें अंतर हवें. कॅल्शियम लोहाच्या वाटेंत आडवें येतें. निंदणीस गेलेल्या बाईनें हें घड्याळ बांधावर कसें सांभाळावें, तें गांवच्या आशाताईंनाच विचारावें.