मुंबई ते लंडन : अंतराची तीन मापे

मुंबईपासून लंडन किती दूर, असे कोणी विचारले तर पृथ्वीगोलावर दोरी ताणून आम्ही सांगू की, सुमारे ७,२०० किलोमीटर. शिवकालातही ते तेवढेच होते. परंतु प्रवासी मनुष्य अंतर दोरीने मोजीत नाही, दिवसांनी मोजतो; आणि या दुसऱ्या मापाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

शिडाच्या जहाजांच्या काळी आफ्रिकेला वळसा घालून जावे लागे. वारा अनुकूल असला तर चार महिने, नसला तर सहा. १८३० च्या मार्चमध्ये, मुंबईच्याच गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट येथून निघाली व सुमारे महिन्याभरात सुवेझला पोहोचली. तेथे उतरून जमिनीवरून अलेक्झांड्रिया गाठावयाचे आणि पुन्हा बोटीत बसावयाचे, असा मार्ग पुढे रूढ झाला. महिन्यांचे माप आठवड्यांवर आले. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाला, तेव्हा बोट बदलण्याची यातायातही संपली.

मग आकाशमार्ग उघडला. लंडन ते कराची विमानी टपाल १९२९ साली सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला विमान उतरविले आणि मुंबई त्या साखळीला जोडली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा येथे थांबून लंडनला जाण्यासाठी निघाले. आज न थांबता जाणारे विमान हा पल्ला नऊ-दहा तासांत काटते. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असल्याने सुमारे तासभर कमीच लागतो.

येथवर सारे अभिमानाचे आहे. पण याच वाटेने गेलेल्या एका मराठी माणसाची आठवण झाली की आम्हांला थबकावे लागते. १८३९ साली कंपनी सरकारने सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना पदच्युत करून काशीस धाडले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. आगबोटीचा मार्ग तोवर सुरू झाला होता. पत्रे पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर जात-येत होती. तरीही ते तेथे सुमारे चौदा वर्षे दारोदार न्याय मागत राहिले. १८४७ साली महाराज काशीतच निवर्तले. १८४८ साली सातारचे राज्यही खालसा झाले. रंगो बापूजी रिक्त हस्ते परतले.

त्यांना चौदा वर्षे लागली ती समुद्रामुळे नव्हेत. समुद्र तर त्यांनी केव्हाच ओलांडला होता. ज्यांच्या हाती निर्णय होता, त्यांना ऐकावयाचेच नव्हते. हे अंतराचे तिसरे माप होय; ते आगबोटीने कमी झाले नाही आणि विमानानेही आपोआप होत नाही. आज खेड्यातला शेतकरी तासाभरात तालुक्याच्या कचेरीत पोहोचतो. त्याचा अर्ज वाचला जाण्यास किती दिवस लागतात, हेही आपण मोजले पाहिजे. विमानाच्या वेगाचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु राज्याची सुधारणा मात्र या तिसऱ्या मापानेच पारखावी, असे आम्हांस वाटते.