गेम विकत घेतला म्हणजे नक्की काय घेतलं?

मागच्या रविवारी माझी मावसबहीण शीवला आमच्या घरी आली. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून ती पहिल्यांदाच स्वतःसाठी प्लेस्टेशन घेणार आहे. चप्पल काढता काढताच तिने विचारलं, "दादा, डिस्कवाला घेऊ की बिनडिस्कचा?"

मी सॉफ्टवेअरवाला. घरात कुणाचा वायफाय अडला तरी फोन मलाच येतो. त्यामुळे तिला वाटलं, दादा दोन मिनिटांत सांगेल. मला सांगता येईना. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१मध्ये भारतात आला, तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती आणि बिनडिस्कच्या 'डिजिटल एडिशन'ची ३९,९९०. सरळ दहा हजारांचा फरक. शिकवण्यांच्या पैशात दहा हजार म्हणजे काय, ते तिला विचारा. पण हे दहा हजार नेमके कशाचे, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागतं. आजचा भाग त्यावरच.

कॅसेटचा जमाना

आता पंचविशी-तिशीत असलेल्यांना आठवत असेल, आपण त्याला 'कॅसेट' म्हणायचो. खरं नाव कार्ट्रिज, पण ते कोण म्हणतंय! निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. आपल्याकडे घराघरांत पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. 'लिटल मास्टर' आठवतो ना? पिवळी कॅसेट, वर चित्र एका गेमचं, आत भलताच गेम. '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि तेच दहा-बारा गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. मारिओ, काँट्रा, डक हंट. चालली नाही की फुंकर मारायची. खरं तर फुंकरीने काही होत नसे, कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे ती चालायची. तोंडातल्या ओलाव्याने उलट आतले धातूचे टोक खराब व्हायचे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या कॅसेटी कायदेशीर नव्हत्या. ज्यांनी मारिओ बनवला त्यांना आपल्या खिशातून दमडीही गेली नसणार. पण त्या 'आपल्या' होत्या. एक कॅसेट चार बिल्डिंगी फिरायची. माझी काँट्रा तुझ्याकडे, तुझी टँक माझ्याकडे. परीक्षा आली की आई ती कपाटात कुलूपबंद करायची. एका वस्तूच्या बाबतीत मालकाला जे जे करता येतं, ते सगळं तिच्या बाबतीत होत होतं: देणं, घेणं, विकणं, लपवणं, हरवणं.

हरवणं म्हटलं की मला २६ जुलै २००५ आठवते. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शीव आणि गांधी मार्केटचा भाग सखल, तिथे साध्या पावसातही पाणी भरतं. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. माझा मित्र तळमजल्यावर राहायचा. त्याच्या सगळ्या कॅसेटी बुटांच्या खोक्यात, पलंगाखाली. पाणी ओसरल्यावर त्याच्या आईने गाद्या बाहेर काढल्या आणि आम्ही ते खोकं काढलं. कॅसेटी उघडून आठवडाभर गॅलरीत वाळवल्या. त्यातल्या तीन चालल्या. बाकीच्या गेल्या.

हे मुद्दाम सांगतोय. कारण 'हातातली वस्तू कायमची' असं जे आपण समजतो, ते मुंबईच्या पावसाला मान्य नाही.

लॅमिंग्टन रोड आणि गोल चकती

मग आल्या सीडी आणि डीव्हीडी. प्लेस्टेशन २ सन २००० मध्ये निघाला आणि जगभरात १५ कोटींहून जास्त विकला गेला. आमच्याकडून तिकडची वारी ठरलेली: शीवहून स्लो लोकलने दादर, तिथे पूल ओलांडून वेस्टर्नला, आणि ग्रँट रोडला उतरायचं. कागदावर तो रस्ता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सगळी मुंबई त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणते. ओरिजिनल डिस्क काचेच्या कपाटात आणि कॉपी केलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात. आम्ही कुठल्या बाजूला उभे असायचो, ते सांगायला नको.

पण जे ओरिजिनल घेत होते त्यांचं एक गणित होतं. गेम घ्यायचा, महिनाभर खेळून संपवायचा आणि जपून ठेवलेल्या खोक्यासकट विकायचा किंवा दुसऱ्यावर बदलून घ्यायचा. महागडा गेम त्यामुळे परवडायचा. माझ्या बहिणीचे दहा हजार याच गणितात अडकलेत. ज्या मशीनला डिस्कची फटच नाही, त्यावर सेकंडहँड बाजार संपला. दुकान एकच, आणि ते मशीनच्या आत.

पेटी हातात, किल्ली दुसऱ्याकडे

हा बदल एका रात्रीत झाला नाही. १२ सप्टेंबर २००३ला व्हॉल्व्ह कंपनीचं 'स्टीम' सुरू झालं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये 'हाफ-लाइफ २' आला. तुम्ही तो दुकानातून डिस्कवर घेतला, तरी स्टीमवर खातं उघडून इंटरनेटवरून मंजुरी मिळाल्याशिवाय तो चालत नव्हता. तेव्हा आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणजे रात्रीचं अनलिमिटेड, तेही आईबाबा झोपल्यावर. माझ्या मते खरी शीव इथे ओलांडली गेली. शीव म्हणजे वेस, हद्द. आमच्या गावाचं नावच त्यावरून पडलंय. इथे मुंबई बेट संपायचं आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची. तशीच ही हद्द: अलीकडे मालकी, पलीकडे परवानगी.

जून २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनबद्दल सांगितलं की मशीनला दिवसातून एकदा तरी इंटरनेट लागेल आणि वापरलेले गेम देण्याघेण्यावर बंधनं असतील. लोक खवळले. सोनीने लगेच छोटा व्हिडिओ काढला, 'आमच्याकडे गेम शेअर कसा करायचा'. त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, बस्स. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. ग्राहक जिंकले असं वाटलं. पण पुढच्या दहा वर्षांत आपण स्वतःच्याच पायांनी तिकडे चालत गेलो, कारण ते सोयीचं होतं. २०१५मध्ये स्टीमवर रुपयांत किमती आल्या, २०१६च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, आणि डाउनलोड हा शब्द श्रीमंतांचा राहिला नाही.

गायब होण्याच्या तऱ्हा

सोयीची किंमत हळूहळू कळत गेली.

एक: ऑगस्ट २०१४मध्ये 'पी.टी.' नावाचा भयकथेचा छोटा डेमो प्लेस्टेशनवर फुकट आला. तो ज्या मोठ्या गेमची झलक होता, तो गेमच रद्द झाला आणि एप्रिल २०१५मध्ये डेमो दुकानातून काढला. डिस्क कधी निघालीच नव्हती. ज्यांच्या मशीनवर तो उरला, तेवढ्यांकडेच उरला.

दोन: आपली लाडकी 'व्हाइस सिटी'. गाडीत बसलं की रेडिओ लागायचा, आठवतंय? त्या गाण्यांचे हक्क मुदतीचे होते. मुदत संपल्यावर डिजिटल आवृत्तीतून मायकल जॅक्सनची गाणी गेली. जुन्या डिस्कवर ती अजून वाजतात.

तीन, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: युबिसॉफ्टचा 'द क्रू'. २०१४चा गाड्यांचा गेम. ३१ मार्च २०२४ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि गेम बंद पडला. इथे डिस्कवालेही वाचले नाहीत, कारण डिस्क सर्व्हरशी बोलल्याशिवाय सुरूच होत नव्हती. याच रागातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, आम्ही फोनवर खेळतो, आम्हाला काय! अहो, तुम्हाला तर निवडच नाही. २ सप्टेंबर २०२०ला सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. मग जुलै २०२१मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२मध्ये तोही दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३मध्ये परतला. बंदीची कारणं वेगळी, त्यावर मतं वेगळी. पण पैसे देऊन घेतलेल्या त्या बंदुकीच्या स्किन्स तेवढ्या काळात कुणाच्या होत्या, विचार करा.

मी हे काचेच्या पलीकडून बोलत नाहीये. कॉलेजात असताना एका ऑनलाइन दुकानात मी खातं काढलं होतं, कॉलेजने दिलेल्या ईमेलवर. बीटेक झालं, वर्षभराने तो ईमेल बंद झाला. मग लॅपटॉप बदलला, दुकानाने ओळख पटवायला कोड पाठवला, आणि तो कोड जिथे गेला तिथे मला जाता येईना. पहिल्या पगारापासून घेतलेले तीस-बत्तीस गेम. महिनाभर पत्रव्यवहार केला, उपयोग शून्य. तळमजल्यावरच्या मित्राच्या निदान तीन कॅसेटी वाचल्या होत्या.

आणि नोकरीत मी या खेळाची दुसरी बाजूही पाहतो. कुठल्याही कंपनीत जुना सर्व्हर चालवायला दरमहा पैसे लागतात. वापरणारे कमी झाले की एक दिवस मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतं, "हा अजून चालू का आहे?" त्यात दुष्टपणा नसतो. शीटमधली एक ओळ खोडली जाते, एवढंच. पण त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी लहानपण असू शकतं.

गिरगावातला एक सिनेमा

मग डिस्क जिंकली का? थांबा. १४ मार्च १९३१, गिरगावातलं मॅजेस्टिक सिनेमा. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' तिथे लागला. त्याच्या फिती म्हणजे हातात धरता येणारी, डब्यात ठेवता येणारी वस्तू. आज त्या सिनेमाची एकही प्रत उपलब्ध नाही. तेव्हाची फीत पटकन पेट घ्यायची, कुजायची, आणि जुन्या फिती चांदी काढायला विकल्या जायच्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं १९६४ साली, म्हणजे ३३ वर्षं उशिरा. उलट पुढच्याच वर्षीचा, १९३२चा प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आपण आजही पाहू शकतो.

दोन्ही वस्तूच होत्या. पण एक कुणीतरी सांभाळली, दुसरी नाही. गेमचंही तेच चाललंय. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेने २०२३मध्ये पाहणी केली. अमेरिकेत २०१०च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. कॅसेट गंजते, आतली बॅटरी संपते, डिस्कवर ओरखडे येतात. सर्व्हर बंद होतो. जपणारा माणूस नसेल तर सगळ्यांचा शेवट एकच.

फरक एवढाच, की वस्तू हातात असेल तर जपायचं की नाही हे आपण ठरवू शकतो. परवानगी असेल तर ते दुसरा ठरवतो.

कायद्यालाही हे आता उमगायला लागलंय. कॅलिफोर्नियाने २०२४मध्ये कायदा केला, १ जानेवारी २०२५पासून लागू. डिजिटल वस्तू विकताना तुम्ही फक्त परवाना घेताय, हे दुकानाने स्पष्ट सांगायचं. दुसरीकडे जून २०२५मध्ये निन्टेंडो स्विच २ आला, त्याच्या काही गेमच्या कार्डात गेम नसतोच, फक्त डाउनलोडची किल्ली असते. पेटी आहे, कॅसेट आहे, आत काही नाही. आपली '९९९९ इन १' परवडली!

मग बहिणीला काय सांगितलं?

चार गोष्टी सांगितल्या. ज्या गेमला गोष्ट आहे, जो एकटीने खेळायचाय, तो डिस्कवर घे. संपला की वीक किंवा मला दे. पण घेण्याआधी बघ की डिस्कवर पूर्ण गेम आहे का आणि तो इंटरनेटशिवाय सुरू होतो का. जो गेम ऑनलाइनच खेळायचाय, त्याची डिस्क घेऊन काही वाचत नाही, तो सेलमध्ये डिजिटल घे. कॉम्प्युटरवर खेळणार असशील तर गॉगसारख्या दुकानातून घे, तिथे गेमची फाइल उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते. आणि खातं स्वतःच्या कायमच्या ईमेलवर काढ. कॉलेजच्या नको. हे शेवटचं मी जरा जोरातच म्हणालो.

तिने हिशोब केला. वर्षाला पाच-सहा गेम, त्यातले निम्मे मैत्रिणींमध्ये फिरणार. डिस्कवाला घ्यायचं ठरलं, दोन महिने उशिरा. "तोपर्यंत अजून एक बॅच घेते," म्हणाली.

जाताना तिला माळ्यावरून काढलेली एक पिवळी कॅसेट दाखवली. २६ जुलैला वाचलेल्या तिघींपैकी एक. मित्र दुबईला गेला तेव्हा देऊन गेला होता. लावायला मशीन नाही माझ्याकडे. तिने हातात घेतली, उलटसुलट केली आणि काही न सांगता फुंकर मारली.

तुमच्या माळ्यावर काय पडलंय, ते बघा जरा. टाकून देऊ नका. भेटू पुढच्या भागात.