कळपाला परत बोलावणारी हाक: कॅरोलायना पोपटाचा इतिहास

१/८
अमेरिकेच्या पूर्व भागाचा स्वतःचा एक पोपट होता, हे आज अनेकांना खरे वाटणार नाही. कॅरोलायना पोपट फ्लोरिडाच्या दलदलीपासून ओहायो नदीच्या खोऱ्यापर्यंत, बर्फ पडणाऱ्या प्रदेशातही राहत असे. शंभर वर्षांत तो नाहीसा कसा झाला?

२/८
अंग हिरवेगार, मस्तक व मान पिवळी, कपाळ आणि गाल नारिंगी-तांबडे, शेपूट लांब व निमुळती. पिलांचे डोके मात्र हिरवेच असे. नदीकाठच्या जुन्या वृक्षांच्या ढोलीत अनेक पक्षी एकत्र रात्र काढत.

३/८
झाडावर खाताना हा पक्षी बहुधा शांत असे आणि पानांत सहज दिसत नसे. थवा उडाला की मात्र कर्कश कल्लोळ दूरवर ऐकू येई. या हाकांनीच थवा एकत्र राहत असे.

४/८
१८१० मध्ये पक्षितज्ज्ञ अलेक्झांडर विल्सन यांनी केंटकीतील बिग बोन लिक येथे काही पोपट टिपले. उरलेले पळाले नाहीत. पडलेल्या सोबत्यांभोवती घिरट्या घालत ते पुन्हा पुन्हा जवळच येऊन बसले.

५/८
विल्सन यांनी एक किंचित जखमी पोपट प्रवासात जवळ बाळगला. त्याच्या हाका ऐकून रानातले पोपट खाली उतरत व त्याला प्रतिसाद देत.

६/८
शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा फळबागा व धान्याचा शत्रू होता. एका जखमी पक्ष्याच्या हाकेने परतलेला थवा बंदुकीला आयताच सापडे. जंगलतोड, टोप्यांसाठी पिसांचा व्यापार आणि पिंजऱ्यासाठी पकड यांनी संकट वाढवले. जनावरांना विषारी असलेल्या कॉकलबर या तणाच्या बिया तो आवडीने खाई, हा उपकार मात्र दुर्लक्षितच राहिला. चित्रकार ऑड्युबॉन यांनी याच तणावर सात पोपट रंगवले आणि १८३१ मध्येच त्यांची संख्या झपाट्याने घटत असल्याचे नोंदवले.

७/८
पाळलेल्यांपैकी शेवटचा ज्ञात पोपट ‘इंकास’. २१ फेब्रुवारी १९१८ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात तो मरण पावला. त्याची जोडीदारीण ‘लेडी जेन’ आदल्या वर्षी गेली होती. जगातील शेवटचे प्रवासी कबूतर ‘मार्था’ हिनेही १९१४ मध्ये याच पिंजऱ्यात प्राण सोडला होता.

८/८
अलीकडच्या जनुकीय अभ्यासात या जातीच्या दीर्घकालीन ऱ्हासाच्या खुणा आढळल्या नाहीत. ऱ्हास अचानक व वेगाने झाला, म्हणजेच तो मानवनिर्मित असावा. रंगांची साक्ष संग्रहालयांतील कातडी देतात. फोनोग्राफचा शोध १८७७ मध्येच लागला होता. तरीही या पोपटाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. ज्या हाकेने थवे मृत्यूकडे परत येत, ती आता केवळ जुन्या वर्णनांत वाचता येते.