आयपॉडचें झांकण

वस्तु विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे कीं, तिच्याविषयीं कोणी फारसा विचार करीत नाहीं. मनगटावरचें घड्याळ बंद पडलें, घड्याळजीनें मागचें झांकण उघडून नवा सेल बसविला, घड्याळ चालूं लागलें. विजेरी मंद झाली, तिचें बूड फिरवून जुने सेल काढले, नवे घातले. यांत परवानगी कोणाची मागावयाची? परंतु एकविसाव्या शतकाच्या आरंभीं लक्षावधि लोकांच्या खिशांत एक असें यंत्र आलें कीं, ज्याला उघडण्यास झांकणच नव्हतें. त्यामुळें त्याच्या मालकांपुढें जो पेंच उभा राहिला आणि त्यांनीं तो ज्या रीतीनें सोडविला, त्याची हकीकत वरवर पाहतां क्षुल्लक, परंतु विचार करण्याजोगी आहे.

१ जुलै १९७९ रोजीं सोनी या जपानी कंपनीनें वॉकमन बाजारांत आणला. चालतांचालतां कानाशीं गाणें ऐकण्याची संवय जगाला त्यानेंच लावली. त्यांत दोन पेन्सिल सेल लागत. ते संपले कीं जवळच्या दुकानांतून दुसरे आणावयाचे. दोन मिनिटांचें काम. पुढें हीं यंत्रें इतकीं सडपातळ झालीं कीं, गोल सेल त्यांत मावेनात. तेव्हां सोनीनेंच च्युइंग गमच्या पट्टीसारखी चपटी, पुनः पुनः चार्ज करतां येणारी बॅटरी काढली. तीहि एका लहानशा दारांतून आंतबाहेर करतां येत असे. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी; कारण यंत्र पातळ हवें असेल तर त्याला दार ठेवतां येत नाहीं, असें समर्थन पुढें पुष्कळदां ऐकूं आलें. २००० सालीं सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनें हार्ड डिस्कवर गाणीं साठविणारा नोमॅड ज्यूकबॉक्स विकण्यास काढला. तो चांगलाच अवजड होता. पण त्यांतहि चार पेन्सिल सेलच असत आणि ते मालकाला स्वतः बदलतां येत.

२३ ऑक्टोबर २००१ रोजीं कॅलिफोर्नियांतील कुपर्टिनो येथें ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनीं पहिला आयपॉड लोकांस दाखविला. किंमत ३९९ डॉलर; आंत तोशिबा कंपनीची १.८ इंची हार्ड डिस्क, तिच्यावर मावणारीं सुमारें १००० गाणीं. आणि एकदां चार्ज केलेली बॅटरी १० तास पुरेल असें आश्वासन. पुढची बाजू शुभ्र प्लास्टिकची, पाठ आरशासारख्या चकचकीत पोलादाची, आणि दोहोंच्या मध्यें केसाएवढी फट. बाहेरून स्क्रू कोठेंहि दिसत नसे. दार नाहीं, खिटी नाहीं. साबणाच्या नव्या वडीसारखें तें अखंड वाटे, आणि कर्त्यांचा हेतुहि तोच होता.

आंतली बॅटरी लिथियमची होती. या जातीच्या बॅटरीची कुळकथा मोठी मानाची आहे. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनीं १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील एक्सॉन कंपनीच्या प्रयोगशाळेंत तिचा पाया घातला. १९८० सालीं ऑक्सफर्ड येथें जॉन गुडइनफ यांनीं कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग करून तिचें बळ वाढविलें. १९८५ सालीं जपानांत अकिरा योशिनो यांनीं शुद्ध लिथियम धातूचा धोका टाळून तिला व्यवहारोपयोगी रूप दिलें, आणि १९९१ सालीं सोनीनें ती प्रथम विक्रीस काढली. या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. थोड्या वजनांत पुष्कळ वीज साठविण्यांत तिच्या तोडीची दुसरी बॅटरी त्या वेळीं बाजारांत नव्हती.

परंतु तिलाहि आयुष्याची मर्यादा आहे. चार्ज होतांना लिथियमचे विद्युद्भारित कण एका बाजूकडून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्राफाइटमध्यें शिरतात, आणि यंत्र चालूं असतां तेच कण परत फिरतात. या येण्याजाण्यांत थोडेंथोडें लिथियम ग्राफाइटवर जमणाऱ्या पुटांत अडकून पडतें. तें पुनः कामास येत नाहीं. उष्णतेनें ही झीज वाढते, आणि यंत्र कपाटांत नुसतें पडून राहिलें तरी ती थांबत नाहीं. खुद्द ॲपलनेंच पुढें सांगितलें कीं, आयपॉडची बॅटरी पूर्ण चार्जाच्या ४०० फेऱ्यांनंतर मूळच्या ८० टक्के वीज धरील अशी केलेली आहे. म्हणजे हार्ड डिस्क, पडदा, चाक हीं पुष्कळ वर्षें टिकावीं, आणि त्यांना चालविणारी बॅटरी मात्र रोज वापरणाऱ्याच्या हातीं दोनएक वर्षांतच थकावी, हें पहिल्या दिवशींच ठरून गेलें होतें. तेल ओतण्याचें भोंक बुजवून विकलेल्या दिव्याची जी गत, तीच याची.

गोष्ट चव्हाट्यावर आली ती २००३ सालीं. न्यूयॉर्क शहरांतील केसी नाइस्टॅट या तरुणाच्या आयपॉडची बॅटरी दीड वर्षांत निकामी झाली. त्यानें कंपनीच्या साहाय्यकेंद्रास फोन केला. बॅटरी बदलण्यास २५५ डॉलर आणि वर टपालखर्च पडेल, त्यापेक्षां नवें यंत्रच घेणें बरें, असा सल्ला त्याला मिळाला. केसी आणि त्याचा भाऊ व्हॅन हे दोघेहि चित्रपट बनविणारे. त्यांनीं रंगाचा डबा आणि अक्षरें कापलेला पुठ्ठा घेतला, आणि शहरांत जागोजाग लागलेल्या आयपॉडच्या रंगीत जाहिरातींवर, याची न बदलतां येणारी बॅटरी फक्त १८ महिने टिकते, असा मजकूर उमटवीत ते हिंडले. या उद्योगाचाच एक छोटासा चित्रपट करून त्यांनीं नोव्हेंबर २००३ मध्यें इंटरनेटवर ठेवला. परक्याच्या जाहिरातीवर रंग फांसणें हा कांहीं शिष्टसंमत मार्ग नव्हे. पण ज्यांचीं यंत्रें मुकीं झालीं होतीं, त्यांना तो फार आवडला.

त्याच महिन्यांत ॲपलनें अमेरिकेंत ९९ डॉलरांत बॅटरी बदलून देण्याची सोय जाहीर केली. हा निर्णय चित्रपटापूर्वींच झाला होता, असें कंपनीचें म्हणणें होतें, आणि तें खोटें मानण्यास कारण नाहीं. एवढ्या मोठ्या कंपनीची व्यवस्था दोन तरुणांच्या रंगाच्या डब्यानें आठ दिवसांत बदलत नसते. तथापि या सोयींत एक गोम होती. पाठविलेलेंच यंत्र परत मिळे असें नाहीं; त्याच जातीचें दुसरें येई, आणि पहिल्यांत भरलेलीं गाणीं त्याच्याबरोबरच जात. आपल्या वस्तूच्या बदल्यांत तशीच दुसरी वस्तु मिळाली म्हणजे व्यवहार चोख झाला, हें हिशेबानें खरें. पण ज्यानें आठवडेच्या आठवडे बसून त्यांत गाणीं भरलीं, त्याला तें पटणें कठीण.

भावांनीं उमटविलेल्या मजकुरांत एक शब्द मात्र चुकीचा होता. बॅटरी ‘न बदलतां येणारी’ नव्हती. ती बदलतां येत होती आणि लोक ती बदलीत होते. चित्रपटापूर्वींच अमेरिकेंतील कांहीं लहान विक्रेत्यांनीं आयपॉडला बसणारी बॅटरी आणि तिच्यासोबत प्लास्टिकची एक चपटी पट्टी विकण्यास आरंभ केला होता. लोखंडी स्क्रूड्रायव्हर न देतां प्लास्टिकची पट्टी देण्यांत मर्म होतें. पोलादाची पाठ दिसण्यांत कणखर, पण तिच्यावर सहज चरा उठे, आणि तिची कड एकदां वांकली म्हणजे पुनः सरळ बसत नसे. पट्टी त्या केसाएवढ्या फटींत एका लांब बाजूकडून हलकेच दाबावयाची आणि कडेनें सरकवीत न्यावयाची. आंत प्लास्टिकच्या बारीक आंकड्या एकामागून एक सुटत. प्रत्येक सुटतांना कट् असा आवाज होई, आणि पहिल्या आवाजासरशीं नवशिक्याचा जीव दडपे. मग पाठ अलगद निघून येई, आणि समोरच हार्ड डिस्कवर चिकटविलेली ती चपटी बॅटरी दिसे.

येथून पुढचें काम खरें नाजूक. लिथियमच्या या बॅटरीला पेन्सिल सेलासारखें पत्र्याचें कवच नसतें. नुसती मऊ पिशवी असते. तिला टोंक बोंचलें किंवा ती दुमडली, तर आंतले पडदे फाटून दोन्ही बाजू एकमेकींस भिडतात, बॅटरी तापते आणि पेटहि घेऊं शकते. म्हणून जाणते लोक यंत्र आधीं चालवून चालवून तिच्यांतील वीज संपवीत, आणि मगच तें उघडीत. बॅटरी उपसून काढावयाची नाहीं. पट्टी खालीं सरकवून तिचा चिकटा हळूहळू सोडवावयाचा. तिच्या बारीक तारा एका इवल्याशा खुंटीत जोडलेल्या असत. तारांना ओढावयाचें नाहीं, खुंटी नखांत धरून सरळ उचलावयाची. नवी बॅटरी जोडून तारा कडेच्या जागेंत नीट बसविल्या कीं पाठ दाबून लावावयाची. तार कडेखालीं चिरडली तर सारा खटाटोप फुकट. एरवीं हें सारें अर्ध्या तासांत उरके. पुढच्या पिढींतील आयपॉडांत बॅटरी डिस्कच्या खालीं गेली, आणि पाठीला चिकटलेली एक कागदासारखी पातळ पट्टी आंतील भागाशीं जोडलेली असे. पाठ झटक्यानें ओढणाराच्या हातून ती फाटे, आणि गाणीं असून आवाज बंद होई. अशीं कित्येक यंत्रें फुकट गेलीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

डिसेंबर २००३ मध्यें कॅलिफोर्नियांत ग्राहकांच्या वतीनें कंपनीवर दावा दाखल झाला. २००५ सालीं तडजोड होऊन, पहिल्या तीन पिढ्यांचे आयपॉड ३१ मे २००४ पर्यंत घेतलेल्या ग्राहकांना ५० डॉलरांची खरेदीसवलत व वाढीव हमी अशा स्वरूपाची भरपाई मिळाली. पण कोर्टानें दार ठेवण्यास सांगितलें नाहीं. तो प्रश्न त्या दाव्यांत मिटण्यासारखा नव्हता.

२००३ सालींच कॅलिफोर्नियांतील सॅन लुइस ओबिस्पो येथें काइल वीन्स व लूक सूल्स या दोन विद्यार्थ्यांनीं आयफिक्सइट नांवाचा उद्योग सुरू केला. वीन्स यांना आपला ॲपलचा संगणक दुरुस्त करावयाचा होता आणि त्याची पुस्तिका कोठेंहि मिळेना. तेव्हां दोघांनीं यंत्रें उघडून, प्रत्येक पायरीचें छायाचित्र काढून, स्वतःच पुस्तिका रचल्या आणि त्या सर्वांस फुकट वाचूं दिल्या. उत्पन्न सुट्या भागांच्या व हत्यारांच्या विक्रींतून येई. आयपॉडच्या प्रत्येक नव्या जातीची अशी चिरफाड तेथें होऊं लागली. पूर्वीं कारागिराच्या हाताखालीं वर्षें काढून जें शिकावें लागे, तें आतां घरच्या टेबलावर, छायाचित्र समोर ठेवून, कोणीहि करूं शकला.

कारखानदाराचें पाऊल मात्र उलट्या दिशेनें पडत होतें. सप्टेंबर २००५ मध्यें आलेल्या पेन्सिलीएवढ्या पातळ आयपॉड नॅनोमध्यें बॅटरीच्या तारा खुंटीत न बसवितां थेट डाखानें जोडल्या होत्या. २००७ च्या आयपॉड क्लासिकची पुढची बाजूहि धातूची झाली, आणि तो उघडणें हें सरावलेल्या हातांसहि कष्टाचें काम ठरलें. त्या नॅनोचीच गोष्ट पुढें अशी झाली कीं, त्याच्या कांहीं बॅटऱ्या अति तापतात असें आढळून आलें, आणि नोव्हेंबर २०११ मध्यें ॲपलला सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ या काळांत विकलेले नॅनो परत मागवून बदलून द्यावे लागले. बॅटरी दारांतून निघती, तर पाठवावी लागती ती एक बॅटरी.

सगळा दोष कारखानदाराच्या माथीं मारणें मात्र न्याय्य होणार नाहीं. २००४ सालीं क्रिएटिव्ह कंपनीनें झेन मायक्रो हें खिशांत मावणारें यंत्र आणलें. त्याची पाठ सरकवून बॅटरी काढतां येत असे. दार असलेलें यंत्र आणि दार नसलेलें यंत्र एकाच बाजारांत शेजारीशेजारी मांडलेलीं होतीं, आणि गिऱ्हाइकांनीं फार मोठ्या संख्येनें बिनदाराचें घेतलें. तें दिसण्यांत सुंदर होतें, गाण्यांचें दुकान त्याच्याशीं जोडलेलें होतें, आणि विकत घेतांना दोन वर्षांपुढचा विचार कोण करतो? कारखानदारानें फट बुजविली. ती बुजलेली आवडते असें गिऱ्हाइकानेंहि पैसे मोजून सांगितलें. पुढें बाजारांतील बहुतेक फोन तशाच बंद पाठीचे झाले.

युरोपांतील राष्ट्रांनीं २०२३ सालीं बॅटऱ्यांविषयीं नवा कायदा केला. त्यांत असें कलम आहे कीं, छोट्या उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्यास स्वतः, बाजारांत सहज मिळणाऱ्या हत्यारांनीं काढतां व बदलतां आली पाहिजे. कांहीं अपवाद ठेवून या कलमाच्या अंमलासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख घातलेली आहे.

आयपॉडच्या दृष्टीनें हा कायदा उशिराचा. क्लासिक २०१४ सालीं बंद झाला, नॅनो आणि शफल २०१७ सालीं, आणि १० मे २०२२ रोजीं शेवटच्या आयपॉड टचचीहि समाप्ति जाहीर झाली. पण यंत्रें शिल्लक आहेत, आणि त्यांच्यासाठीं बॅटऱ्या करणारे दुसरे कारखानेहि आहेत. हौशी मंडळी जुना आयपॉड उघडून त्यांतली हार्ड डिस्क काढतात आणि तेथें नखाएवढें मेमरी कार्ड बसवितात. डिस्क गेल्यामुळें आंत बरीच जागा मोकळी होते. त्या जागेंत मूळच्या कितीतरी पट मोठी, ३००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी मावते. मग पाठ पुनः दाबून बसवितात. काढलेल्या जुन्या बॅटरीच्या टोंकांवर चिकटपट्टी लावून ती केराच्या टोपलींत न टाकतां जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्रावर नेऊन द्यावयाची असते, कारण मेलेल्या बॅटरींतहि पेट घेण्याइतकी वीज उरलेली असूं शकते.